सतरा दिवसांची मोकळी जागा

१

एकशे सत्तेचाळीस होती. एकशे एकोणपन्नास होती. मधली एकशे अठ्ठेचाळीस नंबरची फाइल मात्र कपाटात नव्हती.

"नाही?" मागून एका बाईचा आवाज आला.

"कुठंतरी असेल. इथं नाही," मी म्हणालो आणि गुडघ्यांवर हात टेकत उठलो.

आमचं हे वैद्यकीय संशोधनाचं त्रैमासिक. गेली एकतीस वर्षं मी इथं प्रुफं वाचतो. ऑफिसात मला सगळे 'सुई' म्हणतात, तोंडावर 'सुईसाहेब'. ज्याला दुसऱ्याच्या चुका दिसतात त्याला नीतीही कळत असणार, असा आमच्या संपादकांचा, म्हणजे सरांचा समज आहे. म्हणून सहा वर्षांपूर्वी त्यांनी माझ्याकडून संशोधन-प्रकाशनाची नीतिनियमावली लिहून घेतली. सोळा कलमं. मग नीतिसमिती नेमली. अध्यक्ष सर, सदस्य मी, आणि तिसरे एक गृहस्थ, जे आजवर एकाही बैठकीला आलेले नाहीत. तक्रारच कधी आली नव्हती, त्यामुळे कुणाचं काही अडलंही नव्हतं.

आणि आता ही बाई आली होती. चाळिशीची, चष्म्याच्या दुकानात कामाला. तिनं जानेवारीचा अंक टेबलावर ठेवला, बावन्नावं पान उघडलं आणि शेजारी एक झेरॉक्स ठेवली.

"काका, हा लेख माझ्या बाबांचा आहे. आणि छापलाय या प्राध्यापकांच्या नावानं."

तिचे बाबा दवाखान्याच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. मोठी पदवी नाही. नवजात बाळांना कावीळ आहे का ते बघायला रक्ताचे नमुने यायचे आणि तासन् तास खिडकीतल्या ट्रेमध्ये उजेडात पडून राहायचे. उजेडानं कावीळ आहे त्यापेक्षा कमी दिसते, असा त्यांना संशय आला. मग दोन वर्षं त्यांनी प्रत्येक नमुना दोन नळ्यांत ठेवला, एक उघडी आणि एक काळ्या कागदात गुंडाळलेली. संशय खरा निघाला. आजारी बाळं निरोगी ठरून घरी जात होती. आयुष्यात त्यांनी हा एकच लेख लिहिला. जूनमध्ये आमच्याकडे पाठवला, त्याला क्रमांक मिळाला एकशे अठ्ठेचाळीस, आणि सप्टेंबरात तीन ओळींचा नकार आला.

"मला भांडायचं नाही," ती म्हणाली. "त्यांना अर्धांगवायू झालाय. डॉक्टर म्हणतात महिना, फार तर दीड. तेवढ्यात त्यांना स्वतःचं नाव छापलेलं दिसावं. बाकी काही नको."

पुढचा अंक तीन आठवड्यांनी निघणार होता.

मी दोन्ही लेख शेजारी ठेवले. भाषा बदलली होती, दवाखाना बदलला होता. पण दोन्हीकडच्या आलेखात रेघ एकाच ठिकाणी तुटत होती. सतरा दिवसांची मोकळी जागा, मग पुन्हा रेघ सुरू. झेरॉक्सवर त्याखाली एक ओळ होती, 'सतरा दिवस नोंदी नाहीत, कारण वैयक्तिक.' छापील लेखात ती ओळ गायब होती.

चोर रेडहँड सापडला, असं वाटून मी खूश झालो. तेवढ्यात माझं लक्ष पानाच्या तळाशी गेलं. प्रत्येक लेखाखाली आम्ही तो मिळाल्याची तारीख छापतो.

प्राध्यापकांचा लेख आमच्याकडे आला होता तीन मार्चला. बाबांचा अकरा जूनला. चोरी झाली म्हणायचं, तर चोर मालकाच्या तीन महिने आधी पोचला होता.

२

संशोधनात मिळाल्याची तारीख म्हणजे जन्मदाखला. कोण आधी जन्मला, याचा निकाल तिथंच लागतो. आणि आमचे जन्मदाखले आमच्या नोंदणी कारकुनाच्या वहीत असतात. त्याला आम्ही 'वहीवाले' म्हणतो. बायकोला हात लावलेला एक वेळ चालेल, पण वहीला नाही, अशी त्याची चेष्टा चालते, आणि तो ती मान म्हणून घेतो.

"खाडाखोड?" तो भडकलाच. "सुईसाहेब, बावीस वर्षांत एक आकडा गिरवलेला दाखवा, आज राजीनामा देतो."

"अरे बाबा, संशय नाही घेत. दाखव फक्त."

नोंद एकसष्ट. तीन मार्च. शाई तीच, अक्षर तेच, वर साठ, खाली बासष्ट. घुसवायला जागाच नव्हती. माझा चेहरा पडला. मग सवयीनं मी पुढचे रकाने वाचत गेलो. विषय बालरोग. पानं नऊ. छायाचित्रं चार.

"लेखाचं नाव कुठंय?"

"नाव नसतंच. लोक नावं बदलतात हो, तीनतीनदा. म्हणून तो रकानाच ठेवला नाही."

मी अंक पुन्हा उघडला. बावन्न ते पासष्ट, चौदा पानं. छायाचित्र एकही नाही.

"वहीवाले, चार फोटो गेले कुठं?"

त्यानं मान वाकडी करून पाहिलं. "सुधारित प्रतीत काढले असतील. परीक्षक बदल सुचवतात, लेखक दुरुस्त करून पाठवतात. प्रत नवी असली तरी क्रमांक तोच आणि तारीखही तीच. बाळाचे कपडे बदलले म्हणून जन्मतारीख बदलतो का आपण?"

"आणि कपड्यांबरोबर बाळच बदललं तर?"

त्याला कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर त्यानं वही मिटली आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवले. त्याची एवढी निर्मळ वही कुणीतरी ढाल म्हणून वापरली होती. मला त्याचं खरंच वाईट वाटलं.

"सुधारित प्रती माझ्याकडे येत नाहीत," तो हळूच म्हणाला. "आत जातात. उपसंपादक मॅडमकडे, नाहीतर सरांकडे."

३

उपसंपादक मॅडम हुशार. ऑफिसचा गाडा तीच ओढते आणि तसं दिवसातून एकदा ऐकवतेही. सरांच्या सहीचा शिक्का तिच्याच टेबलावर असतो, आणि बाबांच्या नकारावर सही नव्हती, शिक्काच होता. मी तिच्यासमोर बसलो तेव्हा पाखरू जाळ्यात आल्यासारखं मला वाटत होतं.

"एकसष्टची सुधारित प्रत कधी आली?"

"ऑगस्टमध्ये." ती अडखळली नाही. "आणि हो, लेख पूर्ण वेगळा होता. आधी नवजात बाळांच्या त्वचेवरच्या पुरळाबद्दल होता, आला तो काविळीबद्दल."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"सुईसाहेब, लेख किती बदलला की तो नवा धरायचा, हे तुमच्या सोळा कलमांत कुठं लिहिलंय? रात्रंदिवस शोधा. नाहीये."

नव्हतंच. माझ्या नीतीला एवढं मोठं भोक होतं, आणि ते मला सहा वर्षांत दिसलं नव्हतं.

"एकशे अठ्ठेचाळीस नंबरची फाइल?"

"दोन्ही परीक्षकांचे अभिप्राय लावून मी ती आत सरांच्या टेबलावर ठेवली. परत कपाटात कुणी लावली, लावली की नाही, मला माहीत नाही. शिक्का माझ्या टेबलावर असतो, तसा मी जेवायलाही जाते. तेव्हा कोणीही उठतं आणि मारतं. वहीवालेसुद्धा पाकिटांवर मारतात. आता मलाच चोर ठरवायचं असेल तर ठरवा, पण पुरावा आणा."

"अभिप्राय काय होते?"

"दोघांनी लिहिलं होतं, ताबडतोब छापा."

दोन परीक्षकांनी 'छापा' म्हटलेला लेख नाकारला गेला होता. मी तिथूनच प्राध्यापकांना फोन लावला. आवाज गोड, जसा वरच्या समित्यांवर बसणाऱ्यांचा असतो. सतरा दिवसांबद्दल विचारलं तर म्हणाले, "तेव्हा? हां, यंत्र बंद होतं बहुतेक. तांत्रिक कारण. का हो, आता काय त्याचं?"

"कुठलं यंत्र?" मी विचारलं.

फोन कट झाला. संध्याकाळी मी त्या बाबांना भेटायला गेलो, कारण खरं उत्तर त्यांच्याकडेच होतं.

४

खोली लहान होती आणि खिडकीला पडदा अर्धा ओढलेला होता. उजवा हात पांघरुणावर ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. मुलीनं अंक त्यांच्या समोर धरला. ते नावाकडे बघत नव्हते, आलेखाकडे बघत होते.

"जोडलं नाही," ते म्हणाले. शब्द एकेक करून यायचे. "बरं केलं."

"बाबा, ते सतरा दिवस कसले, काकांना सांगा ना."

त्यांनी नजर पुन्हा आलेखाकडे वळवली. शेवटी तीच म्हणाली, "आई दवाखान्यात होती. त्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. सतराव्या दिवशी गेली."

खाली प्रयोगशाळेत नमुने येत होते आणि हे वर तिच्या उशाशी बसले होते. नमुना दोन नळ्यांत ठेवणारं दुसरं कुणी नव्हतं. नंतर एक सहकारी म्हणाला, आधीची नंतरची सरासरी काढ आणि भरून टाक, कोण बघतंय.

"मी बघितलंच नाही," बाबा म्हणाले. "तर लिहू काय?"

मग ते पुन्हा बोलले. "त्या दिवसांत चौतीस बाळं आली. त्यांची कावीळ... खरी किती होती, माहीत नाही मला."

एवढी वर्षं हा माणूस चौतीस बाळं डोक्यात घेऊन झोपत होता. मी उगाचच चष्मा पुसला. निघताना त्यांनी विचारलं, "अंक कधी निघणार?" मी तारीख सांगितली. त्यांनी मनात हिशेब केला असावा, कारण त्यांनी मान हलवली.

जिन्यात मुलगी म्हणाली, "काका, बाबा 'बरं केलं' म्हणाले, पण मला एक कळत नाही. ज्यानं सगळा लेख ढापला, त्यानं ही रेघ का नाही जोडून टाकली? जोडली असती तर आपल्याला पत्तासुद्धा लागला नसता."

प्रश्न बिनतोड होता. उत्तर प्रुफांत असणार, आणि कलम नऊप्रमाणे छपाईनंतर प्रुफं नष्ट करावी लागतात.

फक्त ती नष्ट होत नाहीत. गेली कित्येक वर्षं ती माझ्या घरी जातात.

५

कागद एका बाजूनं कोरा असतो. फाडून टाकायला जीव होत नाही. बायको ते स्वयंपाकघराच्या फळ्यांवर अंथरते आणि दिवाळखोर संशोधनावर डबे ठेवते, असं ती म्हणते.

"जानेवारीच्या अंकाची कुठंयत गं?"

"मधल्या फळीवर. पण आत्ताच डबे पुसून लावलेत मी. एकही खाली ठेवायचा नाही, सांगून ठेवते."

सगळे खाली ठेवले. साखरेच्या डब्याखाली अठ्ठावन्नावं पान सापडलं, आलेखासकट.

आमच्याकडे प्रूफ तीन हातांतून जातं आणि प्रत्येकाची शाई ठरलेली. लाल माझी, निळी लेखकाची, हिरवी संपादकाची. आधी मी, मग लेखक, शेवटी संपादक, आणि तिथून थेट छापखाना. त्यामुळे माझ्या लाल खुणेनंतर काय लिहिलं गेलं, ते मी कधी पाहिलंच नव्हतं.

तुटलेल्या रेघेशी माझीच, मी केव्हाच विसरलेली लाल शंका होती, 'इथे सतरा दिवस गाळले आहेत. चूक?'

खाली निळ्या शाईत प्राध्यापक, 'चूक आहे. रेषा जोडून घ्यावी.'

आणि त्याखाली हिरव्या शाईत, दोनदा अधोरेखित केलेलं, 'जोडू नये. मूळप्रमाणेच ठेवावे.'

मी डब्यांच्या घोळक्यात जमिनीवर बसलो. लेखक स्वतः सांगतोय की माझ्या आकड्यांत चूक आहे, दुरुस्त करा. आणि संपादक त्याला त्याच्याच आकड्यांवरून दटावतोय की मुळात असं नाही. आपल्या लेखाचं मूळ लेखकापेक्षा संपादकाला जास्त ठाऊक कसं? एकाच प्रकारे. मूळ दुसऱ्याचं आहे आणि ते संपादकानं आधी वाचलंय.

हिरव्या शाईचं पेन आमच्या ऑफिसात एकाच माणसाच्या खिशात असतं. स्वल्पविराम कुठं द्यायचा, हे मला त्याच माणसानं शिकवलं होतं.

६

सर त्यांच्या खुर्चीत बसले होते. वय चौऱ्याहत्तर, सदरा स्वच्छ, खिशाला ते पेन. मी प्रूफ पुढ्यात ठेवलं. त्यांनी वाचलं आणि कानावर हात ठेवले नाहीत. ठेवले असते तर मला सोपं गेलं असतं.

"बस," ते म्हणाले. "मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी नव्यानं होणार होती. आपलं नाव निघणार होतं. यादीच्या समितीवर प्राध्यापक आहेत. आणि त्यांना बढतीसाठी एक चांगला लेख हवा होता. त्यांचा पुरळावरचा लेख भिकार होता, पण त्याचा एकसष्ट क्रमांक अजून उघडा होता, निर्णय व्हायचा होता."

"म्हणून तुम्ही एकशे अठ्ठेचाळीस त्यांना दिली."

"दिली. फाइल परत आली नाही."

"सर, त्या माणसाचा तो एकच लेख होता."

"आणि मी तो त्याच्या नावानं छापला असता तर कोणी वाचला असता?" त्यांनी खणातून पत्रांचा गठ्ठा काढला. "बघ. अकरा दवाखान्यांनी खिडकीतले ट्रे हलवले. दोन महिन्यांत. एका तंत्रज्ञाचं ऐकून हलवले असते? बाळं वाचताहेत ना, सुई?"

मी पत्रं मोजली. अकराच होती. कुंपणानं शेत खाल्लं होतं आणि वर दाखवत होतं की पाखरांची पोटं भरली.

"मग रेघ का नाही जोडू दिली?" मी विचारलं. "तिथंच तर सापडलात."

सर ताठ झाले. त्यांच्या चेहऱ्यावर एकदम जुने सर दिसले. "कल्पनेतले आकडे मी या नियतकालिकात आजवर छापू दिलेले नाहीत. पुढंही देणार नाही."

ते मनापासून बोलत होते, आणि ते मला सगळ्यात जास्त लागलं.

"मी समितीपुढं जाणार, सर."

"जायलाच पाहिजे," ते म्हणाले. "समितीचा अध्यक्ष मीच आहे."

७

तिसरे गृहस्थ आयुष्यात पहिल्यांदा बैठकीला आले. मी नोंदवहीतले चार फोटो सांगितले, उपसंपादक मॅडमचा ऑगस्ट सांगितला, शेवटी प्रूफ टेबलावर ठेवलं.

तिसऱ्या गृहस्थांनी ते दोन बोटांनी उचललं. त्याला साखर चिकटली होती.

"हे कुठून आलं?"

"माझ्या घरातून."

त्यांनी नियमावली उघडली आणि कलम नऊ मोठ्यानं वाचलं. छपाईनंतर प्रुफं नष्ट करावीत, बाहेर नेणं हा नियमभंग आहे, आणि नियमभंगातून मिळालेला कागद पुरावा म्हणून धरू नये. भाषा नेमकी, एक शब्द इकडचा तिकडे होणार नाही अशी. मीच लिहिलेली.

"वहीत खाडाखोड आहे का?" नाही. "लेख किती बदलला तर नवा, असा नियम आहे का?" नाही. "परीक्षकांचे अभिप्राय?" फाइल नाही. मॅडमनं आठवत नाही म्हणून लिहून दिलं होतं. तिचा मला राग आला नाही; पाण्यात राहून माशाशी वैर कोण करतं. वहीवाले आलाच नाही, आजारी असल्याची चिठ्ठी आली.

अर्ध्या तासात निकाल झाला. प्रुफं घरी नेल्याबद्दल मला समितीतून काढलं. या सगळ्या प्रकरणात शिक्षा झालेला मी एकटाच. तक्रारीतला एक मुद्दा मात्र समितीनं मान्य केला, कारण तो डोळ्यांना दिसतच होता. आलेखात खंड आहे आणि त्याचं कारण दिलेलं नाही. पुढच्या अंकात शुद्धिपत्र द्यावं असं ठरलं. सर निकालावर सही करताना माझ्याकडे बघत नव्हते.

चार दिवसांनी दुपारी मुलीचा फोन आला.

"काका, सकाळपासून दोनदा विचारलं त्यांनी. आलं का म्हणून."

"तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, छपाईला गेलंय." तिनं आवाज खाली आणला. "आज घोटभर पाणीही जात नाहीये. खरं सांगू का त्यांना?"

तिनं वाट पाहिली, मग स्वतःच "बरं, ठेवते" म्हणाली.

फोन ठेवला तेव्हा टेबलावर अंकाचं शेवटचं प्रूफ येऊन पडलं होतं. समितीतून काढलं तरी प्रुफं माझ्याकडेच येतात. खालच्या कोपऱ्यात चौकटीत चार ओळी होत्या.

'शुद्धिपत्र. जानेवारी अंकातील पृष्ठ ५८ वरील आलेखात सतरा दिवसांच्या नोंदी तांत्रिक कारणामुळे उपलब्ध नव्हत्या. हा उल्लेख अनवधानाने राहून गेला. लेखकास खेद आहे.'

मी लाल पेन उघडलं. पहिल्यांदा वाचलं, मग उलटं शेवटून वाचलं, मग पट्टी लावून एकेक अक्षर पाहिलं. एखादा काना, एखादा अनुस्वार, काहीतरी सापडावं आणि ते पान एक दिवस तरी अडावं, म्हणून एकतीस वर्षांची सगळी नजर पणाला लावली. एकही चूक नव्हती.

खाली 'बरोबर' असं लिहिलं, सही केली आणि पान पुढच्या ट्रेमध्ये ठेवलं.